तळटीप १४ : मीन लॉर्ड

१४. 'मीन' हे इंग्रजी कायद्यातील दुर्मीळ विशेषण अधिकारांच्या उतरंडीत वरची आणि खालची पायरी जोडणाऱ्या मधल्या दुव्याला लावतात. त्याच्या लेखनातील 'एस' उच्चारला जात नाही. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये वरच्या धन्याकडून जमीन घेऊन ती पुढे आपल्या कुळाला लावून देणारा, म्हणजे एकाच वेळी वरच्याचा बांधील आणि खालच्याचा धनी असणारा, तो मीन लॉर्ड होय. १२९० च्या 'क्विया एम्प्टोरेस' कायद्याने खरेदीदार विक्रेत्याऐवजी त्याच्याही वरच्या धन्याचा बांधील ठरू लागला आणि अशा नव्या पायऱ्यांची वाढ खुंटली. भारतातील १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील 'मीन प्रॉफिट्स'मध्ये हाच शब्द असला, तरी तेथे उतरंड अभिप्रेत नसून बेकायदा ताब्याच्या काळातील उत्पन्न अभिप्रेत आहे.