कैसरबागेतलं कॉलेज आणि लखनौचा रेडिओ

विद्यापीठाचा रेडिओ म्हटलं की आज आपल्याला कॅम्पसमधलं छोटं एफएम केंद्र आठवतं. शैक्षणिक संस्थांना असे परवाने देण्याचं धोरण केंद्र सरकारने २००२ मध्ये ठरवलं. १ फेब्रुवारी २००४ रोजी चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचं केंद्र सुरू झालं, पुढे पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ आली. अमेरिकेत पहिल्या महायुद्धाच्या सुमारासच विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात प्रसारणाचे प्रयोग चालले होते. या सगळ्या ठिकाणी आधी विद्यापीठ होतं, मग त्याने आपला रेडिओ काढला. लखनौची गोष्ट वेगळी आहे. तिथल्या एका संगीत कॉलेजकडे ना परवाना होता, ना ट्रान्समीटर. पण त्याच्या वर्गातली शिस्त, त्याचा अभ्यासक्रम आणि अखेरीस त्याची परीक्षासुद्धा सरकारी रेडिओत जाऊन बसली. हे कॉलेज आज विद्यापीठ आहे, आणि त्याच्या उभारणीत मराठी माणसांचा वाटा मोठा आहे.

विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) हे मुंबईचे वकील. वकिली सोडून त्यांनी देशभर हिंडून उस्तादांकडच्या चिजा गोळा केल्या, त्या स्वरलिपीत बांधल्या आणि रागांची दहा थाटांत मांडणी केली. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’चे चारही भाग त्यांनी मराठीत लिहिले. बडोद्याला १९१६ मध्ये पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. लखनौला भरलेल्या चौथ्या आणि पाचव्या परिषदांमधून तिथे कॉलेज काढण्याची कल्पना पक्की झाली. संयुक्त प्रांताचे शिक्षणमंत्री राय राजेश्वर बली आणि राय उमानाथ बली यांनी पाठबळ दिलं. १९२६ मध्ये कॉलेज सुरू झालं आणि गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांच्यावरून त्याला मॅरिस कॉलेज हे नाव मिळालं. पुढे ते कैसरबागेतल्या परीखान्यात आलं. ज्या वास्तूत वाजिद अली शाहच्या काळी नृत्यगायन शिकवलं जाई, तिथे आता फळा, हजेरीपट आणि वार्षिक परीक्षा आल्या.

१९२८ पासून कॉलेजचे प्राचार्य होते श्रीकृष्ण नारायण रातंजनकर. तेही मुंबईचे, भातखंड्यांचे शिष्य, आणि बडोद्याला फैयाज खाँसाहेबांकडे रीतसर तालीम घेतलेले. ही दुहेरी घडण पुढच्या गोष्टीसाठी महत्त्वाची आहे. उस्तादापुढे बसून शिकणं काय असतं हे त्यांना ठाऊक होतं, आणि चाळीस मुलांच्या वर्गाला एकच बंदिश कशी शिकवायची हेही.

भातखंडे सप्टेंबर १९३६ मध्ये गेले. त्यानंतर दीड वर्षाने, २ एप्रिल १९३८ रोजी, ऑल इंडिया रेडिओचं लखनौ केंद्र सुरू झालं. देशात केंद्रं तेव्हा मोजकीच होती. १९४७ च्या फाळणीनंतर भारताच्या वाट्याला सहाच आली : दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, तिरुचिरापल्ली आणि लखनौ. यावरून लखनौचं वजन कळतं.

रेडिओला कशा प्रकारचा गायक सोयीचा होता? कार्यक्रम बहुतेक थेट प्रसारित होत. घड्याळ भिंतीवर, समोर श्रोता नाही, दाद नाही. लाल दिवा लागला की सुरू करायचं आणि ठरल्या मिनिटाला संपवायचं. निवेदकाला राग आणि ताल आधीच सांगावा लागे. मैफलीत रागाचं नाव लपवणारे, श्रोत्यांचा कल पाहून दोन तास रंगवणारे किंवा मूड नसला तर उठून जाणारे उस्ताद या चौकटीत अवघडत. रागाचं नाव, त्याचे वर्ज्य स्वर, वादी-संवादी हे सगळं वहीत लिहून घेतलेला कॉलेजचा विद्यार्थी मात्र जणू या चौकटीसाठीच तयार झाला होता. हे कुणी ठरवून केलं नव्हतं. वर्गाचा तास आणि स्टुडिओतला अर्धा तास ही दोन्ही घड्याळाचीच अपत्यं होती.

तलत महमूद हे यातलं सर्वांत ओळखीचं नाव. जुन्या वळणाच्या मुस्लिम घरातला हा मुलगा मॅरिस कॉलेजात एस. सी. आर. भट यांच्याकडे शिकला आणि १९३९ मध्ये लखनौ केंद्रावरून गझला गाऊ लागला. पुढे चित्रपटसंगीतात गाजलेले रोशनही याच कॉलेजचे, आणि तेही आधी रेडिओत गेले. व्हायोलिनवादक व्ही. जी. जोग इथे शिकले, शिकवू लागले आणि नंतर आकाशवाणीत रुजू झाले. सुमती मुटाटकर रातंजनकरांकडे शिकल्या, आकाशवाणीत अधिकारपदावर राहिल्या आणि दिल्ली विद्यापीठाच्या संगीत विभागात गेल्या. गाणं हा ज्यांच्या घरचा व्यवसाय नव्हता, अशा मुलामुलींसाठी कॉलेज ते स्टुडिओ ही नवी वाट तयार झाली होती. विशेषतः मुलींसाठी. कोठ्यावर किंवा दरबारात न जाता गाण्यावर पोट भरता येतं, हे पहिल्यांदाच शक्य दिसू लागलं.

पण नवी वाट पडताना जुनीवर काटे टाकले गेले. १९४६ मध्ये नभोवाणी खातं वल्लभभाई पटेल यांच्याकडे होतं. खासगी आयुष्य ‘बदनाम’ असलेल्या गायिकांना रेडिओची दारं बंद करण्याचा हुकूम तेव्हा निघाला. रोख तवायफांवर होता. लखनौसारख्या शहरात याचा अर्थ स्पष्ट होता. ठुमरी, दादरा आणि गझल ज्यांनी सांभाळली, त्यांनाच ती रेडिओवर गाण्याची बंदी.

त्यानंतरचा टप्पा १९५२ चा. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. जन्म पुण्याचा, पण लोकसभेवर निवडून आले ते लखनौपासून फार लांब नसलेल्या सुलतानपूर भागातून. आकाशवाणीवरून चित्रपटगीतं हटवणारे मंत्री म्हणून ते आपल्या लक्षात आहेत. त्यांचं अधिक टिकलेलं काम म्हणजे कलाकारांची ध्वनिचाचणी आणि त्यांना दिली जाणारी श्रेणी. या चाचणी मंडळाच्या प्रमुखपदी आले रातंजनकर. गाणारा परीक्षकांना दिसत नसे, फक्त आवाज ऐकू येई. सादरीकरणाबरोबर रागाच्या ज्ञानाचीही कसोटी लागे. बिदागी मिळे ती श्रेणीनुसार. कैसरबागेतलं परीक्षेचं टेबल आता साऱ्या देशाच्या स्टुडिओत मांडलं गेलं.

गायक-वादकांनी याला कडाडून विरोध केला. तो केवळ अहंकाराचा नव्हता. पाच पिढ्यांचं गाणं घरात असलेल्या माणसाला एका राग-व्याकरणाच्या आधारे प्रश्न विचारले जात होते, आणि ते व्याकरण त्याच्याच आजोबांच्या चिजा ऐकून, लिहून घेऊन बनवलेलं होतं. दुसरीकडे, वशिल्याने कार्यक्रम मिळणाऱ्या काळात पडद्यामागच्या आवाजाला गुण देणं ही न्यायाचीच कल्पना होती. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि म्हणूनच हा वाद सहज मिटत नाही.

अनुवादाच्या कामामुळे मला या इतिहासात ओळखीचं काहीतरी दिसतं. भातखंड्यांनी उर्दू-ब्रज बोलणाऱ्या उस्तादांचं गाणं लिपीत आणलं आणि त्यावर मराठीत भाष्य केलं. पुढे हाथरसच्या संगीत कार्यालयाने त्या ग्रंथांच्या हिंदी आवृत्त्या काढल्या, आणि उत्तरेकडच्या कित्येक मुलांनी आपल्याच मुलखातलं संगीत मराठीवरून अनुवादित झालेल्या पुस्तकांतून शिकलं. उतरवून घेतल्याशिवाय ते टिकलं नसतं, हे खरं. पण उतरवलेला मजकूर हाच मूळ मानून मूळ बोलणाऱ्याचे दोष काढणं, हा अनुवादकाच्या हाताने होणारा मोठा अन्याय. चाचणी मंडळापुढे बसलेल्या उस्तादाला नेमकं तेच सोसावं लागलं.

लखनौ मात्र या दोन बाजूंत सरळ विभागलं गेलं नाही. कॉलेजात तबला शिकवायला सुरुवातीला लखनौ घराण्याचे आबिद हुसेन खाँ होते. पुढे अहमदजान थिरकवा आले. गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या गाण्याला साथ केलेले हेच ते थिरकवा. रामपूर दरबारानंतर त्यांनी लखनौला प्राध्यापकी पत्करली. १९४५ मध्ये बॅरिस्टर इश्तियाक अहमद अब्बासींशी लग्न झाल्यावर अख्तरीबाई फैजाबादी यांचं गाणं थांबलं होतं. १९४९ मध्ये त्या पुन्हा मायक्रोफोनसमोर बसल्या त्या लखनौ केंद्रावरच. तीन गझला आणि एक दादरा गायल्या आणि रडल्या, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. आता त्या बेगम अख्तर होत्या. ‘बाई’ ते ‘बेगम’ हा बदल झाल्यावरच त्या रेडिओसाठी सन्मान्य ठरल्या. पुढे त्याच भातखंड्यांच्या कॉलेजात शिकवायलाही गेल्या. त्यांनी तिथे जे शिकवलं ते कोणत्या थाटात बसतं, हा प्रश्न बहुधा कुणी विचारला नसेल.

१९६६ मध्ये राज्य सरकारने कॉलेज ताब्यात घेऊन त्याला भातखंड्यांचं नाव दिलं. २००० मध्ये ते अभिमत विद्यापीठ झालं आणि २०२२ मध्ये राज्य विद्यापीठ. आकाशवाणीची श्रेणी आजही चालू आहे. मैफलीच्या पत्रिकेवर गायकाच्या नावाखाली ‘ए ग्रेड’ छापलेलं आपण पाहतो आणि ते प्रमाणपत्र मानतो. त्या एका अक्षरामागे परीखान्यातला फळा आहे, लखनौच्या स्टुडिओतलं घड्याळ आहे, आणि त्या दाराबाहेर थांबवलेल्या बायकाही आहेत.