वर्गणीवर चाललेली वाचनालये

मित्रमैत्रिणींनो, स्नेहमेळाव्याचा खर्च भागून जे पैसे उरतील त्यातून एखाद्या गावच्या वाचनालयाला संगणक द्यावा, अशी सूचना आपल्या ग्रुपवर आली. "तू सॉफ्टवेअरवाली, तूच बघ" असंही ठरलं. बघायला गेले आणि इतिहासात शिरले. आपल्या इतिहासाच्या बाईंना नवल वाटेल, कारण सनावळ्यांशी माझं कधीच जमलं नाही.

कोपरीतून वाचनालयात जायचं म्हणजे स्टेशनचा पूल ओलांडून पश्चिमेला. सुट्टीत बाबांबरोबर मी मराठी ग्रंथसंग्रहालयात जायचे, तेव्हा त्याचं वय मला ठाऊक नव्हतं. १ जून १८९३ रोजी विष्णु भास्कर पटवर्धन, विनायक लक्ष्मण भावे आणि त्यांच्या सोबत्यांनी ते सुरू केलं. पुढे 'महाराष्ट्र सारस्वत' लिहिणारे भावे तेव्हा अवघे एकवीस वर्षांचे होते. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय त्याहून जुनं. कल्याणला रेल्वे पोहोचली १८५४ साली आणि दहा वर्षांत, १८६४मध्ये, वाचनालय उभं राहिलं. या दोन्ही ठिकाणी ना कायदा होता ना सरकारी योजना. चार माणसं एकत्र आली, वर्गणी काढली, देणग्या मागितल्या.

कायदा आला तो बऱ्याच उशिरा. मद्रास प्रांताने १९४८ साली, डॉ. रंगनाथन यांच्या प्रयत्नांमुळे, ग्रंथालय कायदा केला आणि मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर बसवला. महाराष्ट्राचा कायदा १९६७चा. त्यात असा उपकर नाही. आपल्याकडे वाचनालय चालवते ती स्थानिक संस्था. सरकार मान्यता देतं आणि अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार अनुदान देतं. म्हणजे मूळ रचना १८६४ची आणि १८९३चीच राहिली. गावात जीव लावणारी माणसं असली तर वाचनालय चालतं, ती पांगली की कुलूप लागतं. 'ड' वर्गातल्या लहान वाचनालयाला ग्रंथपालाचं मानधन, पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीजबिल, सगळं त्या थोडक्या रकमेतच बसवावं लागतं.

आता माझी चूक सांगते. काही वर्षांपूर्वी मुरबाड तालुक्यातल्या एका छोट्या वाचनालयाला मी जुना संगणक नेऊन दिला. दोन रविवार बसून पुस्तकांच्या नोंदींचा प्रोग्राम लिहिला. वर्षभराने गेले तर संगणकावर टेबलक्लॉथ आणि त्यावर वर्तमानपत्रांचा गठ्ठा. ग्रंथपाल काकांनी चहा पाजला आणि संकोचून म्हणाले, "ताई, संध्याकाळी तीन तास वाचनालय उघडं असतं, त्यातच वीज जाते. तपासणीला दाखलनोंद वही लागतेच. मग दोनदा कशाला लिहायचं?" त्यांना काय हवंय, हे मी विचारलंच नव्हतं. हवी होती स्पर्धा परीक्षेची ताजी पुस्तकं आणि दोन ट्यूबलाइट.

सॉफ्टवेअर वाईट असतं असं नाही. न्यूझीलंडमधल्या होरोफेनुआ या ग्रामीण भागातल्या वाचनालयांचीही अशीच अडचण होती. जुनी प्रणाली सन २००० उजाडल्यावर चालणार नव्हती आणि नवी परवडत नव्हती. मग त्यांनी स्थानिक प्रोग्रामरांकडून स्वतःच्या गरजेपुरती एक प्रणाली लिहून घेतली. जानेवारी २०००मध्ये ती सुरू झाली आणि सगळ्यांसाठी खुली केली. तिचं नाव 'कोहा', माओरी भाषेत भेट. आज जगभरची ग्रंथालयं ती फुकट वापरतात. पण तिथे अडचण वाचनालयाने सांगितली होती. मुरबाडला ती मी गृहीत धरली.

दुसरं उदाहरण जवळचं. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१०मध्ये अमेरिकेतून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावले आणि संस्थानात ग्रंथालयांचं जाळं उभं केलं. त्यातली फिरती ग्रंथालयं म्हणजे लाकडी पेट्या होत्या. पुस्तकांनी भरलेली पेटी एका गावात राहायची, वाचून झाली की दुसरीकडे जायची. तीच पुस्तकं अनेक गावांना पुरायची.

म्हणून माझी सूचना अशी. संगणक नको. जवळपासच्या तीन गावांची वाचनालयं निवडू. आधी तिथल्या ग्रंथपालांना गरजा विचारू आणि त्या यादीप्रमाणे नवी पुस्तकं घेऊन तीन पेट्या भरू. दर चार महिन्यांनी पेट्या फिरवायच्या, म्हणजे एका खर्चात प्रत्येक गावाला वर्षभर नवं वाचायला मिळेल. घरातली जुनी गाइडं आणि रद्दी देणगी म्हणून पाठवायची नाही, ती ठेवायला त्यांच्याकडे कपाट नसतं. उरलेल्या पैशांतून तिघांची एकेका वर्तमानपत्राची तीन वर्षांची वर्गणी भरू. एकदाच्या मोठ्या भेटीपेक्षा दरवर्षी नक्की मिळणारी थोडी रक्कम त्यांना जास्त उपयोगी पडते.

पेट्या फिरवायला वर्षातून तीन रविवार लागतील. पहिल्या रविवारची गाडी माझी. सोबत कोण येतंय, ते मेळाव्याच्या दिवशी जेवणाआधी सांगा, म्हणजे वही घेऊन बसते.