टाकून दिलेले दात

रात्र झाली आहे. फिलिपिन्समधल्या सेबू बेटालगत, प्रवाळाच्या कडेच्या वाळूवर तुम्ही पाण्याखाली पालथे पडला आहात. हातभर अंतरावर वाळूतून एक बारीक नळी वर आली आहे. ही कोनस मेगस, शंकूच्या आकाराचा शंख वागवणारी गोगलगाय. नळीतून पाणी आत ओढून ती वास घेते आहे. जवळच एक छोटा मासा निवांत पडलेला. शंखातून सोंड बाहेर येते, लांबत लांबत माशाच्या अंगाला टेकते आणि मासा जागच्या जागी ताठ होतो.

काळ इथेच थांबवा. माशात रुतलेला दात जवळून पाहा. कायटिनचा पातळ पत्रा गुंडाळून केलेली काही मिलिमीटर लांबीची पोकळ नळी, टोकाशी मागे वळलेला आकडा. नळीतून विष माशात शिरलं आहे. दाताचं बूड सोंडेने आवळून धरलंय, म्हणजे मासा सुटणार नाही. आता तो तोंडाकडे ओढला जाईल. हा दात पुन्हा वापरायचा नाही. काही तासांनी माशाच्या काट्याखवल्यांबरोबर तोही ओकून टाकला जाईल.

आता मागे चला. शंखाचा बाहेरचा वेढा उलगडत जातो, शंख लहान होतो. शंखाचं बरं असतं, त्याच्या शेंड्यावर जन्मापासूनचे वेढे शाबूत राहतात. दातांचं तसं नाही. दातांच्या पिशवीच्या एका फाट्यात नवे घडतात, दुसऱ्यात तयार दात थांबून राहतात, वापरले की गेले. मोठ्या गोगलगायीची पिशवी उघडलीत तरी तिचे लहानपणीचे दात सापडायचे नाहीत. संग्रहालयांतले चकचकीत शंख पाहताना मला याची नेहमी हळहळ वाटते. मांस काढून टाकलं तिथेच दातही गेले.

म्हणून तुम्हाला इथवर यावं लागलं. शंख आता सेंटिमीटरहूनही कमी आहे. पिशवीत डोकावा. दात आहेत, पोकळही आहेत, पण घडण वेगळी. आखूड, आणि मासा अडकवून ठेवणारा तो आकडा नाही. हे पिल्लू माशाकडे ढुंकूनही पाहत नाही. सोंड पुढे करून ते एका बारीक समुद्री अळीला टोचतं आणि सोंड मागे घेतं. ओढाताण नाही, झटापट नाही. अळी मंदावते, पिल्लू तिच्या मागे सरकत जातं आणि तिला गिळतं.

आणखी मागे दगडाच्या पोटाला चिकटलेल्या अंड्यांच्या चपट्या पिशव्या आहेत. तिथे रेंगाळू नका, फिरा.

पुन्हा पुढे या. शंख साधारण सेंटिमीटरभर झाला की पिशवी तीच, कायटिन तेच, पण घडणारा दात लांब होतो, त्याला आकडा येतो. कालपर्यंत अळ्या खाणारी गोगलगाय मासेमार होते. पिल्लं वाढवून त्यांच्या दातांतला हा बदल जेम्स निबॅकन आणि फ्रँक पेरॉन यांनी 1988 मध्ये मांडला. कोनस कुळातल्या गोगलगायी मासे मारतात हे ॲलन कोहन यांनी शास्त्रीय नियतकालिकात लिहिलं ते 1956 मध्ये.

मोठ्या कोनस मेगसच्या विषाकडे वैद्यकाचं लक्ष आधीच गेलं होतं. त्यातल्या 25 अमिनो आम्लांच्या एका पेप्टाइडवर बेतलेलं झिकोनोटाइड हे तीव्र, जुनाट वेदनांवरचं औषध. मणक्यातल्या द्रवात थेट सोडायच्या या औषधाला अमेरिकेत डिसेंबर 2004 मध्ये मान्यता मिळाली. पिल्लांच्या विषाचा बारकाईने अभ्यास प्रसिद्ध झाला 2023 मध्ये: कोवळ्या कोनस मेगसचं विष मोठ्यांपेक्षा वेगळं असतं आणि दात, विष, शिकारीची रीत ही तिन्ही बरोबरीने बदलतात.