कौतुक सोपं असतं

गेल्या महिन्यात आमच्या टीममधल्या एका सीनिअर मुलीचा ऑफिसातला शेवटचा दिवस होता. केक, सामोसे, ग्रुप फोटो, सगळं रीतसर झालं आणि मग "तू बोल रे, तुला चांगलं बोलता येतं" म्हणून मला उभं केलं. मीही बोललो. डिझाईनची तिच्याइतकी जाण फार कमी जणांना असते, मी तिच्याकडून किती शिकलो, वगैरे वगैरे. त्यातला एक शब्दही खोटा नव्हता. टाळ्या पडल्या.

नंतर लिफ्टपाशी ती म्हणाली, "छान बोललास. पण जानेवारीतल्या त्या रिव्ह्यूत माझं म्हणणं बरोबर आहे हे तुला कळत होतं ना? तेव्हा एक वाक्य बोलला असतास तर मला जास्त बरं वाटलं असतं."

लिफ्ट आली, ती गेली. मी आपला तिथेच उभा.

त्या रिव्ह्यूत मी गप्प का बसलो होतो? समोर मॅनेजर होता, अप्रेझल तोंडावर आलं होतं आणि ती जरा चिडून बोलत होती. "मुद्दा बरोबर आहे, पण हिचा टोन..." असं मनात म्हणून मी लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसलो होतो. म्हणजे मला तिच्याबद्दल आदर होता, पण तो फक्त माझ्या सोयीच्या दिवशी बाहेर यायचा!

योगायोग असा की सध्या माझं वीकेंडचं वाचन १८८० च्या दशकातल्या पुण्याबद्दल चालू आहे. हा काळ म्हणजे स्त्रियांचं कौतुक करणाऱ्या पुरुषांचा सुकाळ. सभा, व्याख्यानं, पदव्या, वर्तमानपत्रांतले लेख... पण त्या गर्दीत खरा आदर कोणाचा हे कसं ओळखायचं? मला त्यासाठी दोन बायकांच्या गोष्टी फार उपयोगी वाटतात.

पहिली पंडिता रमाबाई. (न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी रमाबाई वेगळ्या. शाळेत असताना माझा कायम घोळ व्हायचा.) वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून आधी बायकोला आणि मग मुलीलाही संस्कृत शिकवलं. आईवडील दुष्काळात गेल्यावर रमाबाई भावाबरोबर देशभर पायी फिरत फिरत १८७८ साली कलकत्त्याला पोचल्या. वय वीस. तिथल्या शास्त्र्यांनी त्यांची परीक्षा घेतली आणि थक्क होऊन त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. चांगलीच गोष्ट आहे. ज्या विद्येवर पुरुषांनी मक्तेदारी सांगितली, त्याच विद्येत एका बाईला त्यांनी मान दिला.

१८८२ मध्ये नवरा गेल्यावर तान्ह्या मुलीला घेऊन त्या पुण्याला आल्या. सुधारकांनी उत्साहाने स्वागत केलं. त्यांनी आर्य महिला समाज काढला, हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष दिली आणि स्त्रियांना स्त्री डॉक्टर मिळायला हव्यात हे ठामपणे मांडलं. सगळीकडे वाहवा झाली.

मग १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि सप्टेंबरमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. झालं! काल ज्यांना ही बाई साक्षात सरस्वती वाटत होती, त्यांतल्या बऱ्याच जणांना ती एकदम चंचल, कृतघ्न, मिशनऱ्यांनी फूस लावलेली वाटायला लागली. धर्मांतर पटलं नाही म्हणून टीका करणं समजू शकतं. पण जिच्या बुद्धीपुढे शास्त्री थक्क झाले होते, तिने हा निर्णय विचार करून घेतला असेल ही शक्यताच कोणाला सुचू नये? संस्कृत श्लोक म्हणेपर्यंत तिला बुद्धी होती आणि स्वतःचा निर्णय घेतल्याबरोबर ती फसलेली अबला झाली.

गंमत म्हणजे इंग्लंडमधल्या धर्मगुरूंनीही वेगळं काही केलं नाही. १८८५ मध्ये चेल्टनहॅमला रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं अशी कल्पना निघाली तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. ख्रिस्ती झालेली विद्वान बाई त्यांना हवी होती, पण ती पुरुषांना शिकवणार म्हटल्यावर त्यांचीही अडचण झाली. रमाबाई त्यांच्याशीही तितक्याच निकराने भांडल्या.

या गदारोळात पुण्यातला एक माणूस त्यांच्या बाजूने छापील शब्दांत उभा राहिला. जोतीराव फुले. त्यांनी १८८५ मध्ये 'सत्सार' नावाच्या छोट्या पुस्तिकेचे दोन अंक काढले, सवाल-जबाबाच्या पद्धतीने लिहिलेले. पहिल्याच अंकात रमाबाईंच्या धर्मांतराचा विषय आहे. फुल्यांचा मुद्दा थोडक्यात असा, की या बाईने शास्त्रं स्वतः वाचली, त्यांत स्त्रियांवर केलेला अन्याय स्वतः पाहिला आणि मग निर्णय घेतला. म्हणजे तिला कोणी फसवलं नाही, ती वाचून आणि विचार करून त्या टोकाला गेली. फुले स्वतः ख्रिस्ती झाले नव्हते, पुढेही झाले नाहीत. तरी निर्णय तिचा, आणि तो तिच्या डोक्यातून आलेला, एवढं त्यांनी मान्य केलं.

इथे एक शंका येणारच. मलाही आली. फुल्यांचा भटशाहीशी उभा दावा. एक ब्राह्मण विदुषी हिंदू धर्म सोडते म्हटल्यावर त्यांना आयतं शस्त्रच मिळालं, मग यात आदर कुठला? शंका रास्त आहे. म्हणूनच दुसरी गोष्ट महत्त्वाची.

१८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर स्वतःचं नवजात मूल मारल्याचा खटला चालला. आधी फाशीची शिक्षा झाली, अपिलात ती कमी झाली. या निमित्ताने वर्तमानपत्रांतून एकूणच बायकांच्या नीतीवर तोंडसुख घेणं सुरू झालं. त्या विधवेला त्या अवस्थेत नेणारा पुरुष कोण, त्याचं काय झालं, हे कोणी विचारेना. बुलढाण्यात बसून हे वाचणाऱ्या एका मराठा घरातल्या बाईचं डोकं फिरलं. तिचं नाव ताराबाई शिंदे. तिने 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिलं. १८८२ मध्ये पुण्यात ते छापलं गेलं. प्रती ५००, किंमत नऊ आणे.

पुस्तक छोटं आहे, पण ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी जरूर वाचा. बायकांवर जे जे दोष लादले जातात, कपटी, चंचल, अविचारी, ते एकेक घेऊन ताराबाई पुरुषांना विचारतात, हे तुमच्यात नाही? तुम्ही साहेबी पोशाख केलात, खाणंपिणं बदललंत, तेव्हा धर्म बुडाला नाही, आणि विधवेने पुन्हा लग्न करायचं म्हटलं की मात्र बुडतो? पोथ्या, देवदेवता, राजे, कोणी सुटत नाही. सभांमधून नुसती भाषणं ठोकणाऱ्या सुधारकांनाही त्या सोडत नाहीत. भाषा बोलीतली, तिखट आणि संतापलेली. आजच्या भाषेत सांगायचं तर 'टोन' अजिबात बरोबर नाही :)

हा मार ब्राह्मणांपुरता नव्हता. तो तमाम पुरुषांना होता, त्यात फुल्यांच्या भोवतीचे बहुजन पुरुषही आले. ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे स्वतः सत्यशोधक समाजाचे सभासद होते, म्हणजे ही घरातलीच मुलगी घरातल्या पुरुषांना जाब विचारत होती. आणि तीही कोणासाठी, तर परक्या प्रांतातल्या, परक्या जातीतल्या एका बाईसाठी. इथे फुल्यांना कसलंही आयतं शस्त्र मिळत नव्हतं. उलट गप्प बसणंच सोयीचं होतं. पण 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात त्यांनी ताराबाईंची बाजू उघड घेतली. "मुद्दा बरोबर आहे, पण..." यातला तो "पण" त्यांनी लावला नाही.

का लावला नसेल? मला वाटतं, ताराबाई कशाबद्दल बोलताहेत हे त्यांना पुस्तकाच्या वीस वर्षं आधीपासून माहीत होतं. काशीबाई नावाची एक ब्राह्मण विधवा फुल्यांच्या मित्राकडे स्वयंपाकाला होती. एका शास्त्र्यापासून तिला दिवस गेले, मूल झाल्यावर तिने ते विहिरीत टाकलं आणि तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्यानंतर १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी आपल्या घरीच अशा विधवांसाठी प्रसूतिगृह उघडलं. या आणि गुपचूप बाळंत व्हा, मूल न्यायचं की ठेवायचं ते तुमच्या खुशीवर, अशा जाहिरातीही लावल्या. १८८४ च्या डिसेंबरमध्ये फुल्यांनी लिहून ठेवलंय की तोवर ३५ विधवा तिथे येऊन बाळंत झाल्या होत्या. ज्या जातीशी आयुष्यभर वाद, त्याच जातीच्या या लेकीबाळी. अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा, यशवंत, त्यांनी दत्तक घेतला. त्या बायकांना कोणी सरस्वती म्हणणार नव्हतं. त्यांच्यावर स्तुतिपर लेख लिहून कोणाचं नाव होणार नव्हतं.

सावित्रीबाईंना शिकवण्याची गोष्ट मी मुद्दाम घेतली नाही. ती सगळ्यांना माहीत आहे, आणि बायकोबद्दलच्या अभिमानात आपलाही थोडा मोठेपणा मिसळलेला असतो, म्हणून त्यावरून माणूस ओळखणं जरा कठीण जातं. आनंदीबाई जोशींना डॉक्टर करण्यासाठी गोपाळरावांनी जिवाचं रान केलं. पण लहानपणी त्यांनी लाकडाने केलेली मारहाण, अंगावर फेकलेल्या खुर्च्या, हे सगळं आनंदीबाईंनी अमेरिकेतून त्यांनाच लिहिलेल्या पत्रात आहे. बायको डॉक्टर व्हावी ही जिद्द खरी होती, तिच्यावरचा हातही खराच होता.

रानड्यांवर मात्र अन्याय नको. रमाबाई परत आल्यावर १८८९ मध्ये त्यांनी काढलेल्या शारदा सदनाला रानडे आणि भांडारकर यांनी आधार दिला. १८९३ मध्ये तिथल्या मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतोय म्हणून वादळ उठलं तेव्हा ते बाजूला झाले. धर्माबाबत तटस्थ राहण्याचं वचन मोडलं असं त्यांना वाटलं, आणि त्यात तथ्य नव्हतं असं म्हणता येणार नाही. पण त्याच वर्षी धोंडो केशव कर्व्यांनी त्याच शारदा सदनातल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनीशी, गोदूबाईंशी लग्न केलं आणि मुरुडला गावाचा बहिष्कार सोसला. म्हणजे सभेत पाठिंबा देणारे पुष्कळ होते. किंमत मोजायची वेळ आली की ही संख्या झपाट्याने कमी व्हायची.

ताराबाईंनी त्यानंतर काही लिहिलेलं सापडत नाही. ते एकुलतं पुस्तकही विस्मरणात गेलं. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते शोधून पुन्हा छापलं म्हणून आज आपल्या हातात आहे. फुल्यांच्या पाठिंब्याने तिचं फार काही भलं झालं, असं दाखवायला पुरावा नाही. एका माणसाचा आवाज पुरत नाही हेही खरं. पण ९३ वर्षांनी पुस्तक हातात घेणाऱ्याला एवढं तरी कळतं, की तिच्या काळात निदान एकाने ते नीट वाचलं होतं आणि तसं चारचौघांत सांगितलं होतं.

असो. जानेवारीतलं ते डिझाईन तिने सांगितलं होतं तिथेच आता अडकतंय. सोमवारी मॅनेजरला मेल टाकला, की तेव्हा तिचा आक्षेप बरोबर होता, मला तो तेव्हाच पटला होता आणि मी बोललो नाही. सीसीमध्ये पूर्ण टीम. पाठवण्याआधी दहा मिनिटं बटणावर बोट ठेवून बसलो होतो, खोटं कशाला बोलू. चार ओळींच्या मेलला एवढा घाम, आणि निरोपाचं भाषण मात्र मी तयारीशिवाय ठोकलं होतं.

तिलाही एक प्रत पाठवली. उत्तर आलं, एका ओळीचं. "उशीर झाला, पण वाचलं."