डेनियर

डेनियर : धाग्याच्या लांबीमागील वस्तुमानाचे एकक. ९,००० मी. धाग्याचे वस्तुमान जितके ग्रॅम, तितका त्याचा डेनियर. दादरा व नगर हवेलीतील सिल्वासा हे पॉलिएस्टर धाग्याचे मोठे केंद्र असून तेथील कारखान्यांत हे एकक रोजच्या वापरातले आहे. धागा मऊ व अनेक तंतूंचा असल्याने मोजताना दबतो. म्हणून त्याचा व्यास मोजण्यापेक्षा तो तोलणे अधिक भरवशाचे. प्रत्यक्षात ९० मी. लांबीची लडी तोलून वजनाला १०० ने गुणतात. लडी १.५० ग्रॅ. भरली, तर धागा १५० डेनियरचा. सार्थ अंकांचे महत्त्व नवख्या विद्यार्थ्याला पटवायला हे उदाहरण फार उपयोगी आहे : तराजूतील ०.०१ ग्रॅ. चूक गुणाकारानंतर पूर्ण एक डेनियर होते, म्हणून नुसती ‘१.५ ग्रॅ.’ ही नोंद अपुरी ठरते.

डेनियरवरून जाडी थेट कळत नाही, त्यासाठी घनता लागते. पॉलिएस्टरची घनता सुमारे १.३८ ग्रॅ./घ. सेंमी., तर नायलॉनची १.१४, त्यामुळे समान डेनियरचा नायलॉन तंतू अधिक जाड असतो. एक डेनियर पॉलिएस्टर तंतूचा व्यास सुमारे १० मायक्रोमीटर येतो. आंतरराष्ट्रीय व्यवहारात टेक्स (१,००० मी. मागे ग्रॅम) हे एककही वापरतात, १ टेक्स म्हणजे ९ डेनियर.