तळटीप १४ : बॉल क्ले

१४. बॉल क्ले : इंग्लंडात डेव्हन व डॉर्सेटच्या खाणींत ही चिकट माती चौकोनी ढेपा कापून काढत, एकेक ढेप साधारण १५ किलोची. हाताळताना कोपरे झिजून तिचा गोळा होई, त्यावरून हे नाव. खाणीत करडी किंवा काळपट दिसणारी ही माती भट्टीत पांढुरकी होते आणि कपबशीचा ओला घाट मोडू देत नाही. लेखक तिची तुलना अकोला-अमरावतीच्या काळ्या मातीशी करतात. रंगापलीकडे ती टिकत नाही. वऱ्हाडच्या मातीत पाण्याने फुगणारे मॉन्टमोरिलोनाइट भरपूर असते, म्हणून मे महिन्यात रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. बॉल क्लेत मुख्यतः केओलिनाइट, म्हणजे चिनी मातीतलेच खनिज. तरीही भारताच्या सीमाशुल्क दरपत्रकात (कायदा १९७५) ती चिनी मातीच्या २५०७ या शीर्षकाखाली नाही. ‘इतर माती’ या गटात २५०८ ४० १० असा तिचा स्वतंत्र क्रमांक आहे. पुढच्या परिच्छेदात आयात-बिलावर आलेला आठ आकडी क्रमांक तो हाच.