पान्यांची यादी आणि तिचा वाचक

वाङ्मयाच्या अभ्यासात याद्यांना पुरेशी प्रतिष्ठा आहे. 'इलियड'च्या दुसऱ्या सर्गातील जहाजांच्या यादीवर विद्वानांनी किती लिहिले आहे ते आपण जाणतोच. मात्र 'नवशिक्याने स्वतःच्या मोटारीची देखभाल करण्यासाठी कोणती अवजारे बाळगावीत' ही यादी कुणी साहित्यकृती म्हणून वाचत नाही, आणि त्यात गैरही काही नाही. तरीही या यादीचा शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास तपासला, तर एक गोष्ट ध्यानात येते. प्रत्येक यादी अवजारांची नावे सांगता सांगता आपला वाचक कोण आहे, त्याला काय कळते आणि त्याने कुठवर हात घालावा, हेही ठरवून टाकते. प्रस्तुत लेखात विचार करायचा आहे तो या दुसऱ्या निर्णयाचा.

आरंभी अशी यादी नव्हतीच. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ आपल्या दोन मुलांना, ऑयगेन आणि रिचर्ड यांना, बरोबर घेऊन पतीच्या तीनचाकी मोटारीतून मानहाइमहून फोर्त्सहाइमला निघाली. अंतर शंभर किलोमीटरांच्या आसपास. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीला लावायच्या पिनेने मोकळी केली. प्रज्वलनाची तार उघडी पडली, तिला मोज्याच्या बंदाचे आवरण दिले. साखळीसाठी लोहार गाठावा लागला. ब्रेकच्या झिजलेल्या ठोकळ्यांवर चामडे बसवून घ्यावे लागले. आणि इंधन मिळाले ते वीसलोख गावच्या औषधाच्या दुकानात. मोटारीच्या पहिल्या लांब प्रवासाची देखभाल अशा रीतीने अंगावरच्या वस्तूंनी आणि गावच्या कारागिरांनी केली. ही कथा बहुधा गंमत म्हणून सांगितली जाते. वस्तुतः तिच्यात एक महत्त्वाचे विधान आहे. चालवणारा आणि दुरुस्त करणारा ही फारकत मोटारीच्या जन्माबरोबर आलेली नाही.

यादी लिहिली गेली ती मोटार शेतकऱ्याच्या दारात पोहोचल्यावर. फोर्डचे 'मॉडेल टी' १९०८ साली बाजारात आले आणि १९२७ पर्यंत दीड कोटीहून अधिक गाड्या निघाल्या. गाडीबरोबर मालकाला अवजारेही मिळत: पाने, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर, स्पार्क प्लग काढण्याचा पाना, जॅक, हवा भरण्याचा पंप. पेट्रोलची टाकी पुढच्या आसनाखाली असे. ती किती भरली आहे हे पाहायला आसन उचलून आत काठी बुडवायची. म्हणजे लाकडाची काठी हेही अवजारच. कंपनीने मालकांसाठी काढलेली पुस्तिका प्रश्नोत्तररूप होती. प्रश्न मालकाचा, उत्तर कंपनीचे. शिष्याने विचारावे आणि गुरूने समाधान करावे, हा प्रकार आपल्याला अपरिचित नाही. या रचनेत शिष्याला प्रश्न विचारण्याचा अधिकार गृहीत असतो, हे मात्र विसरता कामा नये. ई. बी. व्हाइट यांनी १९३६ साली 'न्यूयॉर्कर'मध्ये या गाडीला निरोप देणारा प्रसिद्ध निबंध लिहिला. त्यात खरेदी केलेली गाडी ही मालकाच्या लेखी पूर्ण झालेली वस्तू नसून केवळ एक आरंभ आहे, असा भाव आहे. या आरंभाची साधने फोर्डने गाडीबरोबरच देऊन ठेवली होती.

यादीतील पहिली अडचण भाषेची असते. नवशिक्याला सांगितले जाते, 'पान्यांचा संच घ्या.' पण कोणता? जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली इंग्लंडमध्ये स्क्रूच्या आट्यांचे प्रमाण मांडले. त्या पद्धतीत पान्यावरचा आकडा बोल्टच्या दांड्याची जाडी सांगतो. पाना ज्या डोक्याला लागतो त्या डोक्याचे माप सांगत नाही. पुढच्या इंची पद्धतीत आणि मेट्रिक पद्धतीत आकडा डोक्याच्या समोरासमोरच्या दोन बाजूंमधले अंतर सांगतो. एकच आकडा दोन व्याकरणांत दोन अर्थ देतो. आपल्याकडे इंग्रजी घराण्यातील मॉरिसवरून घडलेली अॅम्बॅसडर इंची बोल्टांची, तर कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली इटालियन घराण्यातील फियाट, म्हणजे पुढची प्रीमियर पद्मिनी, मिलिमीटरची. एकीचा पाना दुसरीला 'जवळजवळ' बसतो, आणि खरा घात या 'जवळजवळ'मध्येच असतो. सैल पान्याने जोर लावला की बोल्टचे कोपरे झिजतात, आणि मग योग्य पानाही निरुपयोगी होतो. अर्थाच्या जवळ जाणारा शब्द वापरून वाक्य बिघडवणाऱ्या विद्यार्थ्याला हे निराळे समजावून सांगायला नको.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात यादी दोन दिशांनी गेली. इंग्लंडमध्ये जॉन हेन्स यांनी १९६६ साली ऑस्टिन-हीली स्प्राइट या गाडीवर पहिले कार्यशाळा-पुस्तक काढले. हवाई दलाच्या नोकरीत एडन येथे असताना एका सहकाऱ्याची जुनी गाडी संपूर्ण सोडवून पुन्हा जोडण्याच्या अनुभवातून ते उभे राहिले. गाडी खरोखर सोडवायची, प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे घ्यायची आणि मगच लिहायचे, ही त्यांची पद्धत. कारखान्याच्या पुस्तकात खास अवजार सांगितलेले असते. हेन्स यांचे लक्ष ते अवजार घरी नसेल तर काय करावे याकडे असे. लेखकाने आधी स्वतःचे हात काळे केले आहेत, हाच या गद्याचा पुरावा आणि हीच त्याची शैली.

दुसरी दिशा अधिक विलक्षण. १९६९ साली सांता फे येथून जॉन म्युर यांचे फोक्सवॅगनची देखभाल शिकवणारे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याच्या उपशीर्षकात ते 'परिपूर्ण मूर्खा'साठी असल्याचे म्हटले आहे, आणि 'परिपूर्ण' या शब्दाचे इंग्रजी वर्णलेखन मुद्दाम जुन्या वळणाचे आहे. आयझॅक वॉल्टन यांच्या १६५३ मधील मासेमारीवरील ग्रंथाची आठवण इंग्रजीच्या अभ्यासकाला तेथेच व्हावी. म्युर हे पेशाने अभियंता; नोकरीचा मार्ग सोडून दिलेले. पीटर अॅशवॅन्डन यांच्या दाट रेखाचित्रांसह निघालेल्या या पुस्तकाच्या वीस लाखांहून अधिक प्रती खपल्या.

म्युर यांनी अवजारांची यादी टप्प्यांत विभागली. पहिल्या टप्प्याच्या थोड्या अवजारांत नित्याची देखभाल व्हावी. पुढचे टप्पे हात आणि धीटपणा वाढेल तसे. प्रत्येक कृतीच्या आरंभी गाडीची अवस्था कोणती, साहित्य कोणते हे सांगायचे आणि मग पायऱ्या. उदाहरणार्थ व्हॉल्व्हमधील अंतर जुळवणे. याला लागतो एक स्क्रू-ड्रायव्हर, एक तेराचा पाना, पातळ पोलादी पात्यांचा फिलर गेज आणि झाकणाखाली घालायचे नवे गॅस्केट. शिवाय थंड इंजिन, म्हणजेच थांबण्याची तयारी. इंचाच्या काही हजारांश भागाचे ते अंतर डोळ्याला दिसत नाही. पाते सरकताना बोटाला जो किंचित विरोध जाणवतो त्यावरून कळते. म्युर यांचे यश हे, की बोटाला कळणारी ही गोष्ट त्यांनी वाक्यात आणली. त्यांचा वाचक अडाणी आहे, पण हीन नाही. 'मूर्ख' ही शिवी लेखकाने स्वतःसकट सर्वांना वाटून टाकल्यामुळे तिचा डंख गेला आहे.

पुढे १९७४ साली रॉबर्ट पर्सिग यांच्या मोटारसायकलवरील कादंबरीवजा ग्रंथात याच प्रश्नाची दुसरी बाजू आली. मित्राच्या महागड्या मोटारसायकलचे हँडल सैल झालेले असते. निवेदक बिअरच्या डब्याच्या अॅल्युमिनियमची पट्टी कापून बसवावी असे सुचवतो, आणि मित्र दुखावतो. धातू योग्य, उपाय अचूक. तरीही त्याला तो अपमान वाटतो. बर्था बेंझच्या पिनेपासून आपण किती दूर आलो, हे या एका प्रसंगातून कळते. वस्तूचे मोल वाढले, आणि तिला हात लावण्याचा मालकाचा धीर ओसरला.

आजच्या बहुतेक गाड्यांबरोबर जॅक आणि चाकाचा पाना एवढेच मिळते. काहींत जादा चाकही नसते. पंक्चर तात्पुरते बुजवण्याचे द्रव्य असते. अमेरिकेत १९९६ पासूनच्या गाड्यांत संगणकीय निदानाची प्रमाणित जोडणी सक्तीची झाली. त्यामुळे दोषाचा संकेतांक वाचणारे छोटे यंत्र नवशिक्याच्या यादीत आले. मात्र संकेतांक वाचता येणे आणि दोष कळणे यांत शब्दकोश असणे आणि भाषा येणे यांतले अंतर आहे. दुरुस्तीची माहिती मालकाला व स्वतंत्र कारागिराला मिळावी म्हणून मॅसॅच्युसेट्समध्ये २०१२ साली कायदा झाला. भारत सरकारने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या कक्षेत मोटारीही होत्या. जी गोष्ट फोर्डने खोक्यात घालून दिली होती, ती आता कायद्याने मागावी लागते.

येथे गतकाळाचे गोडवे गाण्याचा हेतू नाही. जुनी गाडी मालकाला शिकवी, कारण ती वारंवार बिघडे. त्या शिकण्यात सक्तीचा भाग मोठा होता. आजचे इंजिन वर्षानुवर्षे न कुरकुरता चालते, हा लाभ खराच आहे. शिवाय धीटपणाला मर्यादा हवी. जॅक हे गाडी उचलण्याचे साधन आहे, धरून ठेवण्याचे नव्हे. भक्कम स्टँड आणि चाकाला लावायची उटी ही नवशिक्याच्या यादीत पान्यांच्याही आधी यावीत. त्यांच्यावाचून गाडीखाली शिरणे म्हणजे जिवाशी खेळ. मग इंची की मिलिमीटर हे पाहून घेतलेले पाने, स्क्रू-ड्रायव्हर, पक्कड, प्लगचा पाना, आणि बोल्ट किती आवळावा हे सांगणारा टॉर्क रेंच. अवजारांत हा सर्वांत नैतिक म्हणावा लागेल, कारण पुरे कुठे करायचे हे तो सांगतो.

आपल्याकडे हे ज्ञान मुख्यतः मौखिक राहिले. गॅरेजमध्ये नवा पोऱ्या येतो तेव्हा त्याला प्रथम काहीच दुरुस्त करू देत नाहीत. गाडीखालून मिस्त्रीचा हात बाहेर येतो आणि आवाज येतो, 'बारा-तेरा दे.' मुलाने दहा-अकराचा पाना दिला की तो परत येतो, सोबत एखादा शेलका शब्दही येतो. काही महिन्यांनी आकडा सांगावाही लागत नाही. हात बाहेर येताच योग्य पाना त्यात पडतो. हीसुद्धा एक यादीच. कागदावर न उतरलेली. ती ज्याच्या हातात आहे त्याला आपण लेखक म्हणत नाही, आणि ज्याला आपण लेखक म्हणतो त्याच्या हातात बहुधा पाना नसतो. म्युर यांच्या हातात दोन्ही होते, म्हणून त्यांचे पुस्तक वाचनीय झाले. या फारकतीचा विचार साहित्याच्या वर्गात व्हायला हरकत नसावी.